डोळ्यातील उलटे चित्र

डोळ्यांतून किरण निघून वस्तूला भिडतात, म्हणून ती दिसते, असे ग्रीक भूमितिकार युक्लिड मानी. अकराव्या शतकात कैरो येथे इब्न अल्-हैथमने हे मत खोडले. सूर्याकडे पाहता डोळा दुखतो. अर्थात् प्रकाश बाहेरूनच आत येतो. तथापि आतले चित्र उलटे असेल, हे मानण्यास तोही धजला नाही. ते सुलटे राहावे अशीच किरणांची वाट त्याने कल्पिली. १६०४ साली केप्लरने मात्र गणिताचा कौल निमूटपणे स्वीकारला: डोळ्यात वळलेला प्रकाश मागील पडद्यावर उलटेच चित्र रेखाटतो. मग जग सुलटे कसे दिसते? तो प्रश्न त्याने तत्त्वज्ञांवर सोपविला. ही पळवाट नव्हे. आपल्या शास्त्राची हद्द त्याने ओळखली होती. पुढे शायनर या जेझुइट गणितज्ञाने बैलाच्या डोळ्याची मागील आवरणे सोलून पाहिले. चित्र उलटेच होते.