फुटांत मोजलेली कारकीर्द

‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) मूळ ५,५०० फुटांचा, उरला ५७६. ‘कालियामर्दन’ (१९१९) ६,००० फुटांचा, उरला ४,४४१. दादासाहेब फाळके यांची कन्या मंदाकिनी हिची बालनटी म्हणून कारकीर्द तपासायची, तर मुख्य अस्सल पुरावा एवढाच. सेकंदाला १६ चौकटींची गती धरली, तर पहिल्या चित्रपटाची दहा मिनिटंही भरत नाहीत. दुसऱ्याचा जवळजवळ पाऊण हिस्सा शाबूत आहे.

तिच्या भावाचा पुरावा याहून निसरडा. भालचंद्र हा १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधला रोहिदास. त्या चित्रपटाची म्हणून पहिली आणि शेवटची रिळं आज दाखवली जातात. पण ती मूळ चित्रपटाची, की १९१७ च्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. साहजिकच, सुरुवातीला बापाकडून धनुर्विद्या शिकणारा मुलगा कोणत्या सालचा, इथूनच वाद.

मंदाकिनीच्या बाबतीत चित्रपट स्वतःच साक्ष देतो. ‘कालियामर्दन’मध्ये गोकुळ दिसण्याआधी पाटी येते: सात वर्षांच्या मुलीचा अभिनय पाहा. मग तिचा चेहरा, त्यावर पालटत जाणारे भाव. आणि पाहता पाहता त्या मुलीचा कृष्ण होतो. पाटीवरचं वय प्रमाण मानलं, तर जन्म १९१२ च्या सुमाराचा आणि ‘श्रीकृष्णजन्म’च्या वेळी ती सहा वर्षांची.

१९१३ मध्ये फाळके यांना हरिश्चंद्राच्या राणीच्या, तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवावं लागलं होतं. सहा वर्षांनी तोच दिग्दर्शक पोटच्या पोरीला नटी म्हणून लोकांपुढे उभी करतो. यात लेकीचं कौतुक असेलच. पाटीचा रोख मात्र तिच्या कसबाकडे आहे. कृष्णाला हात जोडायला आलेल्या प्रेक्षकाने आधी सोंग घेणारीला पाहावं, असा हा बेत दिसतो.

पुढे रात्री शेटजीच्या शयनगृहात शिरून त्याची दाढी बायकोच्या केसांना बांधणारा कृष्ण येतो, डोहात कालियाशी झुंजणारा येतो. काठावर गोकुळ आकांत करतं. पण तो उघडा चेहरा एकदा पाहिला, की या प्रत्येक दृश्यात ती मुलगी ओळखू येते.

पी. के. नायर यांच्या खटपटीमुळे हा ऐवज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात टिकला. ‘कालियामर्दन’च्या हरवलेल्या दीड हजार फुटांत सुरुवातीचा तुकडा गेला असता, तर तिचं वय गेलं असतं, चेहराही. पडद्यावर उरला असता तो फक्त कृष्ण.