एकच लिहा

माझ्या पंचाहत्तरीचा घाट घरच्यांनी घातला तेव्हा नातीने माझ्यापुढे एक कागद आणून ठेवला. आवडता रंग, आवडतं गाणं, सर्वांत आवडता सिनेमा, आवडती भाजी. सिनेमापुढे कंसात लिहिलं होतं ‘एकच’, आणि त्या ‘एकच’खाली दोन रेघा. नात आजीवर गेली आहे.

रंगापुढे मी ‘मळखाऊ’ लिहिलं. गाण्यापुढेही काहीतरी लिहिलं. सिनेमापाशी मात्र पेन अडलं.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आयुष्यभर लोक विचारत आले आणि मी प्रत्येकाला सोयीचं उत्तर देत आलो. लग्न ठरवायला गेलो तेव्हा भावी सासऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘श्यामची आई’. आचार्य अत्र्यांचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा सिनेमा! अशा सिनेमावर प्रेम करणारा जावई मुलीला दोन वेळा जेवायला घालील, असा हिशेब त्यांनी केला असावा. ऑफिसात युनियनवाले मित्र होते, त्यांच्यापुढे ‘सामना’. फिल्म सोसायटीत जायचा नाद लागला तेव्हा ‘पथेर पांचाली’. त्यात आगगाडी आली तेव्हा मी जागा झालो होतो, पण हे तिथे कोणाला सांगितलं नाही.

“लिहा ना ‘पिंजरा’!” ही स्वयंपाकघरातून म्हणाली. “चार वेळा गेला होतात.” हिला बरोबर माहीत, कारण चारही वेळा तिकिटांचे तुकडे शर्टाच्या खिशात हिलाच सापडले.

पण पंचाहत्तरीला खोटं काय बोलायचं? मी लिहिलं, ‘संत तुकाराम’.

“अय्या, आजोबा, देवाचा?” नात म्हणाली. तिला वाटलं, म्हातारपण आलं.

आता या सिनेमाची हकीकत मोठी गमतीची आहे. ‘प्रभात’ कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. ‘संत तुकाराम’ १९३६चा. कंपनीचे नामवंत दिग्दर्शक शांतारामबापू. त्यांचा त्या वर्षीचा सिनेमा ‘अमरज्योती’. तुकोबा पडले दामलेमामा आणि फत्तेलाल ऊर्फ साहेबमामा यांच्या वाट्याला. एकाचं खातं ध्वनिमुद्रणाचं, दुसऱ्याचं कलेचं. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस, ज्यांनी नाटकात स्त्रीभूमिका गाजवल्या होत्या. आणि जिजाई झाली गौरी, जी कंपनीत झाडलोट करायची आणि गर्दीत उभी राहायची. पत्रिका पाहून कुठल्याही शहाण्या माणसाने या सिनेमात पैसे घातले नसते.

तो मुंबईच्या सेंट्रलमध्ये सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास वाखाणणी झाली. इंद्रायणी कुठे आहे हे इटलीत कोणाला ठाऊक असणार! पण नवऱ्याच्या देवावर वहाण घेऊन धावून जाणारी बायको त्यांनी ताबडतोब ओळखली असेल. आणि पागनिसांचं तर काय सांगावं! लोक त्यांच्या पाया पडू लागले. पुढे घरोघरच्या तसबिरींतले तुकोबासुद्धा पागनिसांसारखे दिसायला लागले. आमच्या आजीच्या देवघरात जे होते ते तुकोबा की पागनीस, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. हळदीकुंकू मात्र रोज व्हायचं.

त्यातला बी आणि झाडाचा अभंग तर तुकोबांचा नव्हेच. तो शांताराम आठवल्यांनी लिहिला आणि भल्याभल्यांनी तुकोबांचा म्हणून मान्य केला. सिनेमातला सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो. आठवल्यांनी स्वतःचा अभंग तुकोबांच्या नावावर खपवला. सालोमालो पकडला गेला. आठवले पकडले गेले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

पण हे सगळं मी नंतर वाचलं. आवडायचं कारण निराळंच आहे.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९५८ साली, जत्रेत, तंबूतल्या सिनेमात. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मधे दोरी. मी दहा वर्षांचा, म्हणून बायकांत, आईशेजारी. दादा दोरीपलीकडे. आमचे दादा शाळामास्तर. पगार झाला की वाटेत दोन-तीन पोरांची फी भरायचे, कोणाला वह्या, कोणाला सदरा. उरलेला पगार घरी यायचा आणि तो वाण्याकडे जायलाही पुरायचा नाही. गावात दादांना लोक देवमाणूस म्हणत. वाणीही म्हणायचा, पण वही दाखवून.

पडद्यावर आजारी पोराला घेऊन जिजाई तरातरा देवळात गेली आणि विठोबावर वहाण उगारली, तेव्हा सगळा तंबू हसला. आई हसली नाही. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. शेवटी गरुडाचं विमान आलं. तुकोबांनी जिजाईला वैकुंठाला चल म्हटलं होतं. पण तिला घरची कामं, तिला ते नेहमीचंच बोलणं वाटलं. ती धावत आली तोवर विमान उचललं होतं. लोक उभे राहिले, हात जोडले, कोणी पडद्यावर पैसे उधळले. दोरीपलीकडे दादा डोळे पुसत होते. आई बसूनच होती.

“आता तिनं काय करायचं?” ती म्हणाली. मला नाही, कोणालाच नाही.

जत्रेनंतर थोड्याच दिवसांत आईच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. विचारलं तर म्हणाली, कामात घासतात. घासतात म्हणून काढून ठेवलेल्या त्या पाटल्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

गंमत म्हणजे, दोघांनाही कोणी विचारलं तर आवडता सिनेमा एकच सांगत: ‘संत तुकाराम’. पण दादांनी पाहिलेला तुकोबांचा होता आणि आईने पाहिलेला जिजाईचा. एकाच तिकिटात!

पुढे दादा निवृत्त झाले आणि दोघं आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली. शेजाऱ्यांकडे टीव्ही होता. त्या काळी दूरदर्शनवर शनिवारी मराठी सिनेमा असायचा. एका शनिवारी ‘संत तुकाराम’ लागला. शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात बावीस माणसं, त्यांत तीन शेजाऱ्यांच्या घरची. आम्ही चटईवर. या वेळी मधे दोरी नव्हती. आई आणि दादा शेजारी शेजारी बसले होते. विमान आलं तेव्हा एकदोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. मी सवयीने दादांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. आईच्या मनगटांकडे बघत होते.

घरी आल्यावर बराच वेळ ते खुर्चीत नुसते बसून राहिले. मग म्हणाले, “अगं, त्या वाण्याचं सगळं फिटलं का गं?”

आई भात टाकत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

“साठ सालीच फिटलं,” ती म्हणाली. “हात धुऊन घ्या.”

दादा उठले, हात धुतले आणि त्या रात्री त्यांनी आपण होऊन पानं घेतली. पाट उलटे मांडले होते, पण आई काही बोलली नाही.

“आजोबा,” नात कागद वाचत म्हणाली, “यात हिरो कोण आहे? फोटो लावायचा आहे.”

“गौरीचा लाव,” मी म्हटलं. “मिळाला तर वहाणेसकट.”

तिने मान डोलावली आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. “आता भाजी.”

“शेपू लिहू नका,” स्वयंपाकघरातून आवाज आला.