शांतता! कोर्ट चालू आहे : प्रेक्षकांची मते

विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे तीन अंकी नाटक. १९६७ मध्ये ‘रंगायन’ या संस्थेने ते अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. लीला बेणारे या शिक्षिकेची मध्यवर्ती भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. चारचौघांच्या कुजबुजीतून एका बाईची नोकरी आणि अब्रू कशी जाते, हा नाटकाचा विषय. अफवेवर बेतलेली थरारनाट्ये जगभर आहेत. पण या नाटकाविषयी प्रेक्षकांत पडलेली फूट वेगळ्याच मुद्द्यावर आहे. बेणारेबद्दल जे बोलले जाते ते बव्हंशी खरेच निघते, आणि वाद तिथून सुरू होतो.

मुंबईतील एक हौशी मंडळ बाहेरगावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेले असते. रात्रीचा खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांवरून. मंडळींपैकी काहीजण पोहोचलेले नाहीत. गावातल्या सामंताला एका साक्षीदाराच्या जागी उभे करायचे, तर त्याला कोर्टाची रीत समजावून द्यायला हवी. म्हणून वेळ घालवायला एक लटका खटला मांडला जातो, आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. सामंताची साक्ष तर हातातल्या पुस्तकावरून रचलेली असते. ती थाप आणि मंडळातल्या प्रत्येकाजवळचा बेणारेविषयीचा एकेक ऐकीव किंवा चोरून पाहिलेला तुकडा एकमेकांना जुळत जातात. रोकडे तिला मंडळातल्याच प्रा. दामले यांच्या खोलीवर पाहिल्याचे सांगतो, पोंक्षे तिने आपल्याला लग्नाचे विचारल्याचे सांगतो, कर्णिक तिच्या लहानपणीचे मामाचे प्रकरण उकरून काढतो, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीतले काशीकर शाळेच्या चालकांकडे कानावर पडलेले बोलणे स्वतःच साक्ष म्हणून पुढे ठेवतात. ज्यांच्यापासून बेणारेला दिवस गेले आहेत आणि ज्यांचे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे ते दामले नाटकात कधी येतच नाहीत.

पहिल्या अंकात प्रेक्षागृह हसते. काशीकरांचे कान कोरणे, अशिलावाचून बसलेल्या वकील सुखात्म्यांचा रुबाब, इंटरला नापास झालेल्या पोंक्षेची शास्त्रज्ञाची ऐट, सगळे फार्साच्या वळणाचे आहे. दुसऱ्या अंकापासून त्याच विनोदाला धार येते, आणि हसणाऱ्याला आपण नेमके कोणाच्या बाजूने हसलो ते कळते. या बांधणीबद्दल प्रेक्षकांत दोन मते दिसतात. एका मताने नाटकाचे सारे यश इथेच आहे, कारण कुचाळकी ऐकताना येणारी मजा ते प्रेक्षकाला आधी चाखू देते. दुसऱ्या मताने काशीकर, सुखात्मे ही माणसे ठोकळेबाज झाली आहेत. इतके उघडे ढोंगी समोर असले की प्रेक्षकाला स्वतःला त्यांच्यापासून सहज बाजूला काढता येते. हा आक्षेप अगदी निराधार नाही, पण मिसेस काशीकरांच्या भूमिकेला तो लागू पडत नाही. अपत्य नसलेली, नवऱ्याने प्रत्येक वाक्यावर गप्प केलेली ही बाई बेणारेवर सर्वांत त्वेषाने तुटून पडते, आणि तिच्या द्वेषाचा उगम नाटकातल्या इतर कोणापेक्षा अधिक समजतो.

सर्वांत जास्त बोलले गेले ते अखेरच्या स्वगताबद्दल. शिक्षेपूर्वी काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात; ते संपेपर्यंत बाकीची पात्रे गोठलेली राहतात आणि बेणारे दीर्घ बोलते. ती हे सर्व खरोखर बोलली, की दहा सेकंदांत तिच्या मनातून गेले? तेंडुलकरांनी याचे उत्तर उघडे ठेवले आहे. प्रयोगानुसार मत बदलते: अभिनेत्रीने ते थेट प्रेक्षकांकडे तोंड करून केले तर लोक त्याला जबाब मानतात, आत वळून केले तर आक्रोश. काही समीक्षकांना हे स्वगत बाकीच्या वास्तववादी बांधणीत उपरे वाटले, तर बहुतेक प्रेक्षकांच्या लक्षात नाटकातले तेवढेच राहिले. पहिल्या बेणारे सुलभा देशपांडे स्वतःही शिक्षिका, दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत असत. पुढे १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी याच नाटकावर चित्रपट केला, त्यातही बेणारे त्याच होत्या. छायाचित्रणकार म्हणून गोविंद निहलानींचा आणि पडद्यावर अमोल पालेकर, अमरीश पुरी यांचा प्रवास ज्या चित्रपटांपासून मोजतात, त्यांत याचे नाव आहे.

काळानुसार प्रेक्षकांचे मत सर्वाधिक पालटले ते कायद्यामुळे, आणि हा भाग नाटकावरच्या लेखनात फारसा येत नाही. १९६७ मध्ये गर्भपात हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ खाली गुन्हा होता. शांतिलाल शाह समितीचा अहवाल नुकताच, १९६६ मध्ये आला होता. वैद्यकीय गर्भसमापन कायदा १९७१ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. म्हणजे पहिल्या प्रयोगांच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने बेणारेपुढे कायदेशीर वाटच नव्हती, आणि खेळातल्या कोर्टाने तिला मूल नष्ट करण्याची शिक्षा देणे यातला उपरोध त्याला थेट बोचत होता, कारण आरोप भ्रूणहत्येचा आणि शिक्षाही तीच. पुढच्या पिढीतला प्रेक्षक वेगळे विचारतो: कायदा आहे, दवाखाने आहेत, मग ही बाई एकामागून एक पुरुषांकडे लग्नाची याचना का करते? उत्तर नाटकातच आहे. तिला मूल हवे आहे, आणि त्याला बापाचे नाव हवे, हे समाजाने तिच्यावर लादलेले ओझे आहे. गर्भसमापन कायद्यातले विवाहित स्त्रीपुरते असलेले शब्द २०२१ च्या दुरुस्तीने काही प्रमाणात बदलले आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत आणले. तरी शाळेत बाईंच्या पोटाकडे पाहून जी कुजबुज होते तिला हे निकाल पुरे पडत नाहीत.

नोकरीचेही तसेच. त्या काळी खासगी शाळेच्या चालकाने शिक्षिकेला काढायचे ठरवले तर तिच्या हाती फार थोडे होते. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ चा. त्यात शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय झाली. शाळांशी संबंध असलेले प्रेक्षक याच मुद्द्यावर अडतात: बेणारे उत्तम शिकवते, मुलांना आवडते, हे सर्वांना मान्य आहे, आणि तरी तिच्या बाजूने एकही साक्षीदार उभा राहत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवली हा पट्टा या नाटकाच्या प्रेक्षकाचा मूळ मुलूख मानायला हरकत नाही. बँकेत, सरकारी कचेरीत, शाळेत नोकरी करून रविवारी तालीम करणारा हौशी नट इथे गल्लोगल्ली सापडतो, आणि तेंडुलकरांनी मंडळात रंगवली ती माणसे याच थरातली आहेत. ठाण्यात मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन (१९७८) आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर ही इथली मोठी नाट्यगृहे. शिवाय जोशी-बेडेकर, बिर्ला, पेंढरकर या महाविद्यालयांची मुले एकांकिका स्पर्धांत उतरतात. सकाळच्या लोकलमध्ये रोज त्याच डब्यात, त्याच जागी भेटणाऱ्यांना ‘तिचं काहीतरी आहे म्हणे’ या वाक्याचे वजन सांगावे लागत नाही. त्या ‘म्हणे’तच सगळी सोय असते: बोलणाऱ्यावर जबाबदारी नाही, ऐकणाऱ्याला खातरजमेची गरज नाही.

महाविद्यालयीन वयाचा प्रेक्षक मात्र हे नाटक थरारपट म्हणून पाहायला बसतो आणि तिथे त्याची थोडी निराशा होते. त्याच्या डोक्यात डेव्हिस गुगेनहाइम यांच्या ‘गॉसिप’ (२०००) सारखी चौकट असते: तीन विद्यार्थी वर्गातल्या प्रकल्पासाठी अफवा पिकवतात, ती हाताबाहेर जाते, शेवटी कलाटणी. मराठीत महाविद्यालयीन मुलींभोवती फिरणारा रहस्यपट म्हणून चंद्रकांत कुलकर्णी यांचा ‘बिनधास्त’ (१९९९) लोकांना आठवतो. त्यात संशय आहे, कोडे आहे, आणि ते सुटते. तेंडुलकरांकडे कोडे सुटून प्रेक्षकाला हायसे वाटत नाही. लिलियन हेलमन यांच्या ‘द चिल्ड्रन्स अवर’ (१९३४) शी तुलना अधिक जवळची. तिथेही शिक्षिकांवर आळ आहे, आणि एका विद्यार्थिनीने रचलेल्या खोट्यात सत्याचा एक कण निघतो. फरक एवढाच की हेलमनचा प्रेक्षक त्या कणापाशी पोहोचेपर्यंत शिक्षिकांच्या बाजूने ठाम उभा असतो. बेणारेच्या प्रेक्षकाला सत्य आधीच कळते, आणि तरीही तिच्या बाजूने उभे राहायचे की नाही, हे त्याचे त्याला ठरवावे लागते.

दामले अखेरपर्यंत न येणे काहींना लेखकाची पळवाट वाटते. या आक्षेपात दम कमी आहे. दामले आले असते तर खटला दोघांवर झाला असता. त्यांना बोलावण्याची गरज त्या कोर्टात कोणालाच वाटत नाही.

‘खामोश! अदालत जारी है’ या हिंदी रूपात आणि इतर अनेक भाषांत नाटक गेले, नंदिता दास यांनी चित्रित नाट्यप्रयोगात बेणारे केली. मराठी महाविद्यालयांत ते बहुधा तुकड्याने जिवंत आहे: निवड चाचणीत मुली बेणारेचे स्वगत करून दाखवतात, बाकीचे कोर्ट गळलेले असते. परीक्षकांचा नेहमीचा शेरा असा की आवाज लागला, पण समोर कोण बसले आहे ते दिसले नाही.