मध्यरात्री शहर सोडून गेलेला संघ : बाल्टिमोर, १९८४

२८ मार्च १९८४ची रात्र. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर शहराबाहेरील ओविंग्ज मिल्स या उपनगरात एका क्रीडासंकुलाच्या आवारात मेफ्लॉवर या सामान हलवणाऱ्या कंपनीचे मालट्रक एकामागून एक शिरत होते. शिरस्त्राणे, व्यायामाची यंत्रे, सामन्यांच्या चित्रफिती, कागदपत्रांची कपाटे असे सारे रातोरात भरले गेले. ट्रक वेगवेगळ्या मार्गांनी पश्चिमेकडे निघाले. सकाळी बाल्टिमोर जागे झाले, तेव्हा शहराचा फुटबॉल संघ शहरात उरला नव्हता.

संघाचे नाव बाल्टिमोर कोल्ट्स. मुक्काम पोस्ट आता सुमारे ९०० किलोमीटर दूरचे इंडियानापोलिस. आणि त्याच शहरातील, त्याच मैदानावर खेळणारा बेसबॉलचा संघ ओरिओल्स मात्र आजही बाल्टिमोरमध्येच आहे. एक गेला, एक राहिला. हे असे का झाले, याचा हा इतिहास. 🧵

आधी एक खुलासा. अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची भिंत फोडत पुढे जाण्याचा खेळ. तेथील व्यावसायिक संघाच्या नावात शहर असते, पण संघ शहराच्या मालकीचा क्वचितच असतो. तो मालकाची खासगी मालमत्ता असतो आणि अमुक शहरात खेळण्याचा परवाना लीग देते. चाहत्याला हे ठाऊक असते. तरी तो ‘आमचा संघ’ असेच म्हणतो. या एका शब्दातच पुढील सारे भांडण दडलेले आहे.

बाल्टिमोर हे बंदराचे, पोलादाचे, कामगार वस्तीचे शहर. एका अंगाला राजधानी वॉशिंग्टन, दुसऱ्या अंगाला फिलाडेल्फिया आणि पलीकडे न्यूयॉर्क. मोठ्या घरच्या मंडळींमध्ये बसलेल्या गरीब नातेवाइकासारखी त्याची अवस्था. संघ गमावण्याचा अनुभवही जुनाच होता. १८९४, १८९५ आणि १८९६ अशी सलग तीन वर्षे नॅशनल लीगचे विजेतेपद मिळवणारा जुना ओरिओल्स संघ १८९९च्या हंगामानंतर लीगने खर्चकपातीत काढून टाकला. १९०१ साली नव्या अमेरिकन लीगमध्ये दुसरा संघ मिळाला. दोनच हंगामांनी त्याची जागा न्यूयॉर्कला देण्यात आली. न्यूयॉर्कचा तोच संघ पुढे यांकीज म्हणून जगप्रसिद्ध झाला.

बेसबॉलचा सर्वांत मोठा खेळाडू मानला जाणारा बेब रूथ बाल्टिमोरचाच, जन्म १८९५चा. १९१४ साली तो शहरातील दुय्यम दर्जाच्या ओरिओल्स संघात आला. पण त्याच वर्षी फेडरल लीग या बंडखोर लीगने बाल्टिमोरमध्ये टेरापिन्स नावाचा संघ उतरवला आणि प्रेक्षक तिकडे वळले. ओरिओल्सच्या मालकावर खेळाडू विकण्याची पाळी आली. काही महिन्यांतच रूथ बोस्टनला विकला गेला.

या टेरापिन्सची गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण तिचे एक टोक थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाते. फेडरल लीग १९१५ नंतर बंद पडली. इतर संघमालकांशी तडजोडी झाल्या, बाल्टिमोरकर मात्र अडून बसले. प्रस्थापित लीगनी मक्तेदारी करून आपल्याला संपवले, असा दावा त्यांनी लावला. १९२२ साली न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिलेल्या एकमुखी निकालात न्यायालयाने सांगितले की, बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे. म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही. बाल्टिमोर हरले. परंतु बेसबॉलला कायद्यातून मिळालेली ही सूट बाल्टिमोरच्या दाव्यातून जन्मली, हे लक्षात ठेवावे.

अर्धशतक असेच सरले. मग १९५३ साली कोल्ट्स आले आणि १९५४ साली सेंट लुईस शहराचा ब्राउन्स हा बेसबॉल संघ उचलून बाल्टिमोरमध्ये आणण्यात आला. त्याला जुनेच नाव दिले, ओरिओल्स. ओरिओल हा मेरीलँडचा राज्यपक्षी. त्याच्या पिसांचे रंग लॉर्ड बाल्टिमोरच्या कुलचिन्हासारखे म्हणून पक्ष्याला ते नाव पडले. ‘कोल्ट’ म्हणजे शिंगरू, कारण घोड्यांच्या शर्यती हा शहराचा जुना शौक. शहराने नावे आपल्या मातीतली दिली. पण सेंट लुईसमधील ज्यांचा संघ गेला त्यांचे काय, हा प्रश्न त्या वर्षी बाल्टिमोरमध्ये फारसा कोणाला पडला नसावा.

दोन्ही संघ ३३व्या रस्त्यावरील मेमोरियल स्टेडियममध्ये खेळत. चहूकडे साध्या घरांची वस्ती, मध्ये मैदान. खेळाडूही त्याच शहरात राहत, आणि त्यांची मिळकत तेव्हा आजच्यासारखी डोळे दिपवणारी नव्हती. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, जॉनी युनायटस याला १९५५ साली पिट्सबर्गच्या संघाने नाकारले होते. तो एका हौशी म्हणावे अशा संघातून सामन्यामागे काही डॉलर घेऊन खेळत असताना १९५६ साली बाल्टिमोरने त्याला घेतले.

२८ डिसेंबर १९५८, न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम. अंतिम सामन्यात शेवटची सात सेकंद उरली असताना कोल्ट्सने जायंट्सशी बरोबरी साधली. लीगच्या इतिहासात प्रथमच विजेतेपदाचा निर्णय जादा वेळात गेला. युनायटसने चेंडू पुढे पुढे नेत आणला आणि ॲलन अमीचीने शेवटचे यार्ड ओलांडले: २३–१७. जिनो मार्केटी हा पहाडासारखा बचावपटू पाय मोडून बाजूला स्ट्रेचरवर पडला होता. पण बरोबरी होईपर्यंत त्याने आत जाण्यास नकार दिला. अमेरिकेत हा खेळ दूरचित्रवाणीवर रुजला तो या सामन्यापासून, असे मानले जाते. बाल्टिमोरपुरते सांगायचे तर गरीब नातेवाइकाने न्यूयॉर्कला न्यूयॉर्कमध्ये हरवले होते.

त्या पिढीची भक्ती किती टोकाची होती? बाल्टिमोरचेच दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन यांच्या १९८२च्या ‘डायनर’ या चित्रपटात १९५९ सालचा एक तरुण आपल्या वाग्दत्त वधूची कोल्ट्सच्या इतिहासावर परीक्षा घेतो. उत्तीर्ण झाली तरच लग्न. अतिशयोक्ती खरी, पण शहराने ती ओळखीचे हसू हसून स्वीकारली.

ओरिओल्सही मागे नव्हते. १९६६, १९७० आणि १९८३ साली त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. मध्ये १९६९ हे वर्ष मात्र शहराच्या अंगावर आजही काटा आणते: जानेवारीत कोल्ट्स सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जेट्सकडून हरले आणि ऑक्टोबरमध्ये ओरिओल्स न्यूयॉर्क मेट्सकडून. दोन्ही वेळा बाल्टिमोरचाच संघ बलाढ्य समजला जात होता. पुन्हा न्यूयॉर्क!

१९७०च्या दशकाच्या अखेरीस मेमोरियल स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरील ‘सेक्शन ३४’ हा भाग टॅक्सीचालक ‘वाइल्ड बिल’ हेगीच्या ताब्यात असे. दाढीवाला हा गृहस्थ आपल्या देहाने ओरिओल्स या नावातील एकेक अक्षर वळवून दाखवी आणि हजारो कंठ ते अक्षर गर्जत. राष्ट्रगीताच्या अखेरच्या भागात ‘ओ’ हे अक्षर आले की सारे मैदान तेवढेच अक्षर गरजते, ही प्रथाही त्याच काळातली. काहींना हा राष्ट्रगीताचा अवमान वाटतो. पण ते गीत १८१४ साली बाल्टिमोरच्याच फोर्ट मॅकहेन्रीवरील तोफांचा मारा पाहून लिहिले गेले होते. तेव्हा त्यावर आपला थोडा अधिक हक्क आहे असे शहराला वाटले, तर नवल नाही.

आता १९८४कडे वळू. कोल्ट्सची मालकी १९७२पासून रॉबर्ट इर्से यांच्याकडे होती. त्यांना नवे किंवा सुधारलेले स्टेडियम हवे होते, संघाची कामगिरी ढासळत होती, प्रेक्षक रोडावले होते. दुसरीकडे इंडियानापोलिसने हाती संघ नसतानाच भव्य बंदिस्त स्टेडियम उभारले होते. जानेवारीत बाल्टिमोरच्या विमानतळावर इर्से यांनी पत्रकारांसमोर संघ हलवण्याचा इरादा नसल्याचे सांगितले. शहराचा त्यावर विश्वास बसला नाही.

मेरीलँडने मग एक विलक्षण मार्ग काढला. धरणासाठी वा रस्त्यासाठी सरकार भरपाई देऊन जमीन सक्तीने संपादन करते, तसाच संघ संपादन करण्याचा कायदा! २७ मार्चला राज्याच्या सिनेटने विधेयक मंजूर केले. इर्से यांना सुगावा लागला आणि पुढच्याच रात्री ट्रक आले. २९ मार्चला उरलेले सोपस्कार पूर्ण होऊन राज्यपालांनी स्वाक्षरी केली, तोवर आवार रिकामे झाले होते. बाल्टिमोरने दावा लावला. १९८५च्या डिसेंबरात संघराज्य न्यायालयाने निकाल दिला: कायदा लागू होण्यापूर्वीच संघ राज्याबाहेर गेला होता, जे हद्दीत नाही ते संपादन करता येत नाही. शिंगराच्या नालेचे बोधचिन्ह, निळा-पांढरा रंग, १९५८चे विजेतेपद हे सारे कागदोपत्री इंडियानापोलिसचे झाले.

लीगने का अडवले नाही? येथे १९२२चा निकाल पुन्हा डोके वर काढतो. ती सूट केवळ बेसबॉलला होती. फुटबॉलला ती मिळणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली स्पष्ट केले होते. १९८२ साली ओकलंडच्या रेडर्स संघाने लॉस एंजेलिसला जाण्यासाठी मक्तेदारीविरोधी कायद्याखालीच लीगला न्यायालयात हरवले. त्यानंतर फुटबॉल लीग मालकांना अडवण्यास कचरू लागली. बेसबॉल लीगला ती भीती नव्हती. १९७२ ते २००४ या काळात बेसबॉलच्या एकाही प्रमुख संघाने शहर बदलले नाही. ओरिओल्स राहिले त्यात चाहत्यांच्या प्रेमाचा वाटा आहेच. पण बाल्टिमोर जो खटला हरले, त्यानेही नकळत पहारा केला.

तरी शहर निर्धास्त नव्हते. ओरिओल्सचे मालक वॉशिंग्टनचे वकील होते आणि त्या शहराकडे तेव्हा बेसबॉल संघ नव्हता. १९८४चा धसका घेतलेल्या राज्याने १९८६ साली स्टेडियम प्राधिकरण स्थापन केले. १९८८च्या हंगामात ओरिओल्स पहिले २१ सामने सलग हरले, असा विक्रम आजवर कोणी केलेला नाही. पुढे एक विजय आणि आणखी दोन पराभव पदरी घेऊन संघ २ मेला घरी परतला, तेव्हा मैदानावर ५०,४०२ लोक हजर होते. त्या रात्री नव्या स्टेडियमसाठीच्या दीर्घ कराराची घोषणा झाली. १९९२ साली जुन्या रेल्वेच्या आवारात कॅम्डन यार्ड्स उभे राहिले. बेब रूथच्या वडिलांचा मद्याचा गुत्ता एकेकाळी याच जागेत होता.

फुटबॉलच्या चाहत्यांजवळ काय उरले? एक बँड. १९४७ साली स्थापन झालेल्या कोल्ट्सच्या वाद्यवृंदाचे गणवेश त्या मार्चच्या रात्री धुलाईला दिलेले होते, म्हणून ट्रकमध्ये चढले नाहीत. वादकांनी ते ताब्यात घेऊन एका दफनभूमीत दडवून ठेवले. पुढे १२ वर्षे हा वाद्यवृंद संघाविना वाजवत राहिला: मिरवणुकांत, दुसऱ्या शहरांच्या मैदानांवर, आणि स्टेडियमच्या निधीचा प्रश्न चर्चेत असताना ॲनापोलिस येथील विधिमंडळाच्या दारातही.

१९९३ साली लीगने दोन नवे संघ दिले ते शार्लट आणि जॅक्सनव्हिलला. मग कॅनडाच्या लीगमधला एक संघ बाल्टिमोरमध्ये आला. त्याने ‘कोल्ट्स’ हे नाव घेऊ पाहिले तर न्यायालयाने मनाई केली. पुढे स्टॅलियन्स म्हणजे वळू घोडे हे नाव घेऊन त्याने १९९५चा ग्रे कप जिंकला. हा मान मिळवणारा तो अमेरिकेतील एकमेव संघ.

आणि नोव्हेंबर १९९५मध्ये संघ मिळाला. क्लीव्हलँडचे मालक आर्ट मॉडेल यांनी १९४६पासून त्या शहरात असलेला ब्राउन्स संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. सार्वजनिक पैशाचे नवे स्टेडियम, भाडे नाही. क्लीव्हलँडच्या अखेरच्या घरच्या सामन्यात प्रेक्षकांनी बसण्याचे बाक उखडले. बाल्टिमोरमधील अनेकांना हे दृश्य ओळखीचे वाटले असणार. तरीही संघ नाकारावा, अशी चळवळ तेथे उभी राहिली नाही. ११ वर्षांची उपासमार माणसाला फार चौकशा करू देत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी घडली. क्लीव्हलँडने लढून करार मिळवला: संघ जाईल, पण ब्राउन्स हे नाव, रंग आणि इतिहास शहराकडे राहील. १९९९ साली त्याच नावाचा नवा संघ तेथे उभा राहिला. जे बाल्टिमोरला १९८४ साली मिळाले नव्हते, ते बाल्टिमोरमुळे गमावलेल्या शहराने मिळवले.

बाल्टिमोरच्या संघाला नवे नाव हवे होते. वाचकांच्या मतदानातून ‘रेव्हन्स’ हे नाव निघाले, एडगर ॲलन पो यांच्या कवितेवरून. पो १८४९ साली याच शहरात वारले आणि येथेच पुरले गेले. रेव्हन्सनी २००१ साली सुपर बोल जिंकला, तोही न्यूयॉर्कच्याच जायंट्सना ३४–७ असे हरवून. युनायटसने इंडियानापोलिसच्या संघाशी आपले नाते कधी मानले नाही. तो रेव्हन्सच्या सामन्यांना मैदानाच्या कडेला उभा राहत असे. २००२ साली तो वारला. त्याचा पुतळा रेव्हन्सच्या स्टेडियमबाहेर आहे. पहिले दोन हंगाम ‘बाल्टिमोर कोल्ट्स’ याच जुन्या नावाने रेव्हन्ससाठी वाजवणाऱ्या त्या वाद्यवृंदाने १९९८ साली नवे नाव घेतले. रेव्हन्सच्या सामन्याआधी राष्ट्रगीत सुरू होते, तेव्हा ओरिओल्सचा तो ‘ओ’ तेथेही गरजतो.