गिरणामाय

आमच्या भडगावची गिरणा निघते नाशिक जिल्ह्यात, केमच्या डोंगरात. कळवणकडून पूर्वेला येते, मालेगावला मोसम पोटात घेते, मग खान्देशात उत्तरेला वळून तापीला मिळते. गिरिजा म्हणजे पार्वती, डोंगराची लेक. तिच्यावरून गिरणा, असं जुनी माणसं सांगतात. लेक तापटच. १८७२ च्या पुरात तिनं भडगावात घरं पाडली. १९६९ साली वरती धरण झालं. आता उन्हाळ्यात आवर्तन सुटलं तरच पात्र भिजतं. वाळू उपसून उपसून पात्र खोल गेलं, अन् काठच्या विहिरींचं पाणीबी तिच्यामागं खाली गेलं. आपण तिला माय म्हणतो, नावानं ती लेक. दोन्ही नात्यांत ओरबाडणं बसत नाही, भाऊ.