मालाची पत आणि मालकाचे वर्तन

आपल्या सटाण्याच्या बाजारात गिऱ्हाईक आधी विकणाऱ्याचे तोंड पाहते, मग मालाला हात लावते. कारखान्याच्या मालालाही हाच न्याय लागू आहे.

अर्देशीर गोदरेज मूळचे वकील. जे खरे वाटत नाही ते कोर्टात खरे म्हणून सांगणे त्यांना जमेना, म्हणून त्यांनी वकिली सोडली. पुढे शस्त्रक्रियेची हत्यारे घडवली. त्यांवर हिंदुस्थानचे नाव घालू देण्यास इंग्रज पेढीने नकार दिला, तेव्हा त्यांनी तो धंदाही सोडला. १८९७ साली त्यांनी मुंबईस लालबागेत कुलपे करावयास घेतली आणि १९२१ साली टिळक स्वराज्य फंडास तीन लाख रुपये दिले. कुलूप विकणे म्हणजे विश्वास विकणे. असल्या माणसाच्या कुलपावर लोकांनी घरदार सोपवले, यात नवल ते काय?

याउलट अमेरिकेतील हेन्री फोर्ड. १९१४ साली कामगारांना दिवसाला पाच डॉलर देऊन त्याने नाव कमावले. पण १९२० पासून तो स्वतःच्या वृत्तपत्रातून ज्यू लोकांविरुद्ध विष ओकू लागला. त्यांनी त्याच्या मोटारींवर बहिष्कार घातला. दोष मोटारीत नव्हता, मालकाच्या जिभेत होता. १९२७ साली फोर्डला जाहीर माफी मागावी लागली आणि ते वृत्तपत्रही बंद पडले.

गिऱ्हाईक मालकावर रुसते, तेव्हा मागणी घटते आणि पहिली कुऱ्हाड कामगारावर पडते. म्हणून मालकाचे चारचौघांतील वर्तन ही त्याची खाजगी बाब नव्हे. त्यात आमची भाकरी गुंतलेली आहे, आणि म्हणून जाब विचारण्याचा हक्कही आमचा आहे.