घर एक, विवरणपत्रे दोन : बदलीनंतर पती-पत्नीच्या प्राप्तिकराचा हिशेब

रायपूर : नागपूर, पुणे किंवा मुंबईहून बदली होऊन रायपूरला येणाऱ्या कुटुंबांसाठी हे शहर तसे अनोळखी नाही. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात रायपूरचा समावेश होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी ते नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी झाले. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ या जुन्या नात्याची आजही साक्ष देते. रेल्वे, बँका, भिलाईचा पोलाद कारखाना, एम्स तसेच केंद्र सरकारच्या कार्यालयांमुळे मराठी नोकरदारांची येथे सतत ये-जा असते. नवे घर लागते, मुलांच्या शाळेचे प्रवेश होतात आणि जुलै महिना उजाडला की प्रश्न पुढे येतो : वर्षाच्या मध्यावर शहर बदलले, एकाची नोकरी बदलली, दुसऱ्याची सुटली, आता दोघांचे मिळून एकच प्राप्तिकर विवरणपत्र भरता येईल काय?

भारतीय कायद्यानुसार याचे उत्तर नकारार्थी आहे. प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने पती आणि पत्नी हे दोन स्वतंत्र करदाते आहेत. प्रत्येकाचा पॅन वेगळा, विवरणपत्र वेगळे आणि करप्रणालीची निवडही वेगळी असते. त्यामुळे बदलीनंतरचे खरे काम कोणते उत्पन्न, कोणती वजावट व कोणती करकपात कोणाच्या नावावर जाते, याचा नेमका हिशेब मांडण्याचे आहे. हा हिशेब चुकल्यास व्याजासह कराची मागणी येते. तो मांडलाच नाही, तर हक्काचा परतावा हातचा जातो.

समान उत्पन्न, भिन्न कर

स्वतंत्र करआकारणीचा परिणाम आकड्यांतून स्पष्ट होतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. त्यापुढे दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २० व २५ टक्के आणि २४ लाखांवरील रकमेवर ३० टक्के दर लागू होतो. पगारदारास ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास कलम ८७अ खालील सवलतीमुळे कर शून्य होतो.

पती व पत्नी या दोघांचाही वार्षिक पगार प्रत्येकी १२ लाख ७५ हजार रुपये असेल, तर त्या घरावर पगारापोटी एक रुपयाही प्राप्तिकर बसत नाही. मात्र तेवढेच एकूण २५ लाख ५० हजार रुपये एकट्याने कमावले, तर ४ टक्के उपकरासह ३ लाख ३५ हजार ४०० रुपये कर द्यावा लागतो. एकाच्या बदलीमुळे दुसऱ्याला नोकरी सोडावी लागते, तेव्हा ही तफावत थेट घरखर्चावर येऊन पडते. ती भरून काढण्यासाठी कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न दुसऱ्याच्या नावावर दाखवण्याचा मोह होतो. मात्र कायद्याने ती वाट बरीचशी बंद केली आहे.

उत्पन्न एकत्र करण्याचा नियम

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम ६४ या बाबतीत महत्त्वाचे आहे. पुरेशा मोबदल्याशिवाय जोडीदाराला दिलेल्या मालमत्तेपासून मिळणारे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. पतीने पत्नीला ५ लाख रुपये भेट दिले, तर त्या भेटीवर कर नाही. पण त्या रकमेच्या मुदतठेवीवरील व्याज पतीच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. ते व्याज पत्नीने पुन्हा गुंतवले, तर त्या पुढच्या गुंतवणुकीवरील उत्पन्न मात्र पत्नीचे मानले जाते. अज्ञान मुलांचे उत्पन्न सर्वसाधारणपणे ज्या पालकाचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात धरले जाते. मुलाने स्वतःच्या श्रमाने अथवा कौशल्याने मिळवलेले उत्पन्न याला अपवाद आहे.

या नियमाला जुना इतिहास आहे. १९२२ च्या कायद्यात १९३७ साली कलम १६ (३) घालून पत्नी व अज्ञान मुलांचे ठरावीक उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळवण्याची तरतूद करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बालाजी विरुद्ध प्राप्तिकर अधिकारी या प्रकरणात तिची वैधता मान्य केली. पुढे १९६३ मध्ये फिलिप जॉन प्लास्केट थॉमस प्रकरणात याच न्यायालयाने नियमाची मर्यादाही स्पष्ट केली. मालमत्ता देताना पती-पत्नीचे नाते अस्तित्वात असले पाहिजे. विवाहापूर्वी वाग्दत्त वधूच्या नावे केलेल्या समभागांचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळवता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

विभक्त राहण्याच्या कराराच्या संदर्भात झालेले हस्तांतरणही या नियमातून वगळलेले आहे. नोकरीमुळे पती रायपुरात आणि पत्नी पुण्यात राहते, एवढ्याने मात्र हा अपवाद लागू होत नाही.

संयुक्त बँक खात्याबाबत येथेच गोंधळ होतो. खात्यावर दोघांची नावे असली, तरी व्याजाची माहिती बहुधा पहिल्या नावाच्या पॅनवर नोंदली जाते. कर मात्र ज्याचा पैसा, त्याने द्यायचा असतो. म्हणून विवरणपत्र भरण्यापूर्वी दोघांनीही वार्षिक माहिती विवरण (एआयएस) आणि फॉर्म २६एएस स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते.

दोन नोकऱ्या, दोन फॉर्म १६

बदलीच्या वर्षातील सर्वाधिक महागडी चूक वर्षात दोन मालकांकडे काम केलेल्यांच्या हातून होते. समजा, पतीने एप्रिल ते सप्टेंबर या काळात पुण्यातील कंपनीकडून ७ लाख आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात रायपूरच्या कंपनीकडून ७ लाख रुपये पगार घेतला. प्रत्येक कंपनीने केवळ आपण दिलेला पगार धरला, तर प्रमाणित वजावट दोनदा मिळते, १२ लाखांची सवलतही दोनदा लागू होते आणि दोन्हीकडे करकपात शून्य दिसते. प्रत्यक्षात एकूण पगार १४ लाख, करपात्र उत्पन्न १३ लाख २५ हजार आणि उपकरासह कर ८१ हजार ९०० रुपये होतो. ही संपूर्ण रक्कम विवरणपत्रासोबत भरावी लागते. आगाऊ कर न भरल्याचे व्याज वेगळे. नव्या मालकाकडे रुजू होतानाच फॉर्म १२बी भरून आधीच्या पगाराचा तपशील दिल्यास हा भार उरलेल्या महिन्यांच्या पगारात विभागला जातो.

याच्या उलट स्थिती नोकरी सोडणाऱ्या जोडीदाराची असते. पत्नीचा वार्षिक पगार १६ लाख रुपये धरून तिच्या कंपनीने दरमहा करकपात केली, तर सहा महिन्यांत ती ५६ हजार ५५० रुपयांवर जाते. तिने सप्टेंबरअखेर नोकरी सोडली आणि दुसरे उत्पन्न नसेल, तर वर्षाचा पगार ८ लाख व करपात्र उत्पन्न ७ लाख २५ हजार राहते. त्यावर प्रत्यक्ष कर शून्य असल्याने कापलेली सर्व रक्कम परत मिळू शकते. अट एकच : तिने स्वतःच्या पॅनवर विवरणपत्र भरले पाहिजे. पतीच्या विवरणपत्रात ही करकपात दाखवता येत नाही. ‘आता नोकरीच नाही, मग विवरणपत्र कशाला’ असे म्हणून थांबल्यास हा पैसा सरकारजमाच राहतो.

नोकरी सोडल्यानंतर भविष्य निर्वाह निधी काढून घेण्याची घाईही महागात पडू शकते. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी काढलेली रक्कम सर्वसाधारणपणे करपात्र ठरते. दुसरी नोकरी मिळाल्यास खाते हस्तांतरित केल्याने आधीची सेवाही मोजली जाते.

घरभाडे, बदली भत्ता आणि मागे राहिलेले घर

बदलीनिमित्त प्रवास, सामानाची बांधणी व वाहतूक यांसाठी मालकाने दिलेला भत्ता प्रत्यक्ष खर्चाच्या मर्यादेत करमुक्त असतो. ही सूट जुन्या व नव्या अशा दोन्ही करप्रणालींत मिळते; त्यामुळे वाहतूकदाराची पावती जपून ठेवावी. बदलीच्या गावी मालकाने एकूण १५ दिवसांपर्यंत हॉटेलात केलेली निवासाची सोय करपात्र लाभ मानली जात नाही.

घरभाडे भत्त्याची सूट मात्र केवळ जुन्या करप्रणालीत आहे. २०२५-२६ साठी मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे राहणाऱ्यांना मूळ वेतन व पात्र महागाई भत्त्याच्या ५० टक्क्यांची, तर इतर शहरांत ४० टक्क्यांची मर्यादा आहे. मुंबईहून रायपूरला आलेल्या व्यक्तीने म्हणून वर्षाचे दोन भाग पाडून हिशेब करावा. पुण्याहून आलेल्यांसाठी ही मर्यादा बदलत नाही. पती-पत्नी एकाच भाड्याच्या घरात राहत असतील, तर प्रत्येकाने स्वतः दिलेल्या भाड्यापुरताच दावा करावा. पूर्ण भाड्यावर दोघांनीही सूट घेणे नियमबाह्य आहे.

मूळ शहरातील संयुक्त मालकीचे घर भाड्याने दिल्यास ते भाडे मालकीच्या निश्चित हिश्शानुसार दोघांच्या विवरणपत्रांत विभागून दाखवावे लागते. वार्षिक मूल्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट आणि गृहकर्जाचे व्याज वजा होते. तोटा झाल्यास जुन्या प्रणालीत तो वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत पगारातून वळता करता येतो. नव्या प्रणालीत ही मुभा नाही. व्याजाच्या वजावटीसाठी कर्जाच्या कागदांवर नाव असणे पुरेसे नसून घराच्या मालकीतही वाटा असावा लागतो. बदलीमुळे घर विकण्याचा विचार असेल, तर ताबा मिळालेले आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षे होण्याआधी विक्री केल्यास कर्जाच्या मुद्दलापोटी कलम ८०क खाली घेतलेली वजावट पुन्हा उत्पन्नात मिळवली जाते.

गोव्याचा अपवाद

देशात पती-पत्नीचे उत्पन्न कायद्यानेच निम्मे-निम्मे विभागण्याची तरतूद एका ठिकाणी आढळते. गोवा, तसेच दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव येथील पोर्तुगीज नागरी संहितेनुसार सामाईक मालमत्तेची पद्धत लागू असलेल्या दाम्पत्यांसाठी कलम ५अ आहे. १९९४ च्या वित्त कायद्याने ते १ एप्रिल १९६३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केले. त्यानुसार पगार ज्याचा त्याच्याकडे राहतो. घरभाडे, व्यवसाय, भांडवली नफा व इतर उत्पन्न दोघांत समान वाटले जाते. तरीही विवरणपत्रे दोनच भरावी लागतात. अशा दाम्पत्यास आयटीआर-१ वापरता येत नाही आणि जोडीदाराच्या पॅनसह स्वतंत्र अनुसूची भरावी लागते.

अन्य देशांत चित्र वेगळे आहे. अमेरिकेत १९४८ पासून संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्यांना उत्पन्न विभागणीचा लाभ मिळतो. ब्रिटनने मात्र एप्रिल १९९० पासून पती-पत्नीची करआकारणी स्वतंत्र केली. भारतात चार्टर्ड अकाउंटंट्सच्या ‘आयसीएआय’ या संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी विवाहितांसाठी ऐच्छिक संयुक्त करआकारणीची सूचना केली होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही व्यक्तीनिहाय आकारणीचे तत्त्व कायम आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र जुन्या १९६१ च्या कायद्यानुसारच भरावयाचे आहे.

पत्ता बदलला, अधिकारक्षेत्राचे काय?

विवरणपत्र ऑनलाइन भरले जात असल्याने त्यासाठी जुन्या शहरात जाण्याची गरज नसते. तरी ई-फायलिंग संकेतस्थळावरील पत्ता, मोबाइल क्रमांक व ई-मेल दोघांनीही अद्ययावत करावेत. नोटिसा तेथेच येतात. परतावा ज्या बँक खात्यात हवा, ते खाते पूर्वप्रमाणित असावे. पॅनवरील पत्ता बदलल्याने कर निर्धारण अधिकारी आपोआप बदलत नाही. पॅनचे अधिकारक्षेत्र रायपूरकडे वर्ग करण्यासाठी सध्याच्या, म्हणजे जुन्या शहरातील अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. जुनी थकबाकी किंवा दुरुस्तीचे प्रकरण निघाल्यास हे काम उपयोगी पडते.

पगारदारांसाठी विवरणपत्राची नेहमीची मुदत ३१ जुलै आहे. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्यांना जुनी किंवा नवी प्रणाली दरवर्षी निवडता येते. परंतु जुनी निवडायची असल्यास मुदतीतच विवरणपत्र भरावे लागते. पतीने जुनी आणि पत्नीने नवी प्रणाली निवडण्यास कोणतीही हरकत नाही. विलंब झाल्यास ५ लाखांहून अधिक उत्पन्नावर ५ हजार आणि त्याखाली १ हजार रुपये शुल्क आहे. विवरणपत्र भरल्यानंतर ३० दिवसांत त्याची पडताळणी करणे बंधनकारक असून, पती व पत्नी या दोघांनीही ती आपापल्या विवरणपत्रासाठी स्वतंत्रपणे करावयाची असते.